चालू क्रियेची नोंद कशी करावी : सोलापूरच्या घराघरांतील भाषांपासून सुरुवात

‘तो करतो आहे’ याला तेलुगूत काय म्हणतात, कन्नडमध्ये काय म्हणतात, असे विचारत भाषांची तुलना करायला निघालेल्या अभ्यासकाच्या वहीत प्रत्येक भाषेचे एकेक रूप जमा होते. परंतु ते रूप कुठे चालते, कुठे चालत नाही आणि त्याच्या जागी दुसरे केव्हा येते, हे त्याला कळत नाही. याचे कारण असे की, क्रिया चालू असणे ही एकच गोष्ट नाही. विणकराचा माग या क्षणी चालू असणे वेगळे, पाळी संपली तरी तो चालूच असणे वेगळे, आजोबांच्या काळापासून तो घरात चालत आलेला असणे वेगळे आणि वीज गेल्यामुळे बंद पडलेला माग वीज आल्यावर पुढे चालू होणे त्याहून वेगळे. यांपैकी कोणत्या गोष्टी एका रूपात बसवायच्या आणि कोणत्या वेगळ्या ठेवायच्या, हे प्रत्येक भाषा आपल्या परीने ठरवते. तुलना करायची ती या वाटणीची.

हे काम करण्यासाठी सोलापूर फार सोयीचे आहे. पूर्वभागातील पद्मशाली या विणकर समाजाच्या घरांत तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतून आलेल्या अनेक कुटुंबांत कन्नड, विजापूर वेशीकडे दखनी वळणाची उर्दू आणि सर्वत्र मराठी, अशा दोन वेगळ्या कुळांतील भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांनी आणि भाषेची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी परदेशी भाषांची उदाहरणे पाठ करण्याआधी या भाषांची नोंद करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. ऐकलेल्या वाक्याविषयी शंका आली, तर ती दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला विचारता येते आणि पुस्तकातून उचललेल्या उदाहरणाला ती सोय नसते.

वाक्य विचारू नये, प्रसंग सांगावा

कोणत्याही भाषकाला मराठी वाक्य देऊन त्याचे भाषांतर मागितले की तो नकळत मराठीच्या साच्यात आपली भाषा बसवतो. सोलापुरात हा धोका अधिक आहे, कारण येथील तेलुगू आणि कन्नड भाषक मराठी उत्तम जाणतात. म्हणून आधी प्रसंग सांगावा आणि मग ‘अशा वेळी घरात तुम्ही काय म्हणाल?’ असे विचारावे. स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ ऑस्टेन डाल यांनी क्रियापदांच्या काळ-रूपांची जगभरातील भाषांत तुलना करण्यासाठी जी प्रश्नावली वापरली आणि जिच्यावर आधारलेले त्यांचे पुस्तक 1985 मध्ये प्रसिद्ध झाले, तिची रीत हीच होती : आधी प्रसंग द्यायचा आणि वाक्यातील क्रियापद रूप न चालवता मूळ स्वरूपात ठेवायचे, म्हणजे सांगणाऱ्यावर कोणत्याही रूपाचे दडपण येत नाही.

प्रसंग ओळखीचे असावेत. आजी विड्या वळते आहे आणि दारात आलेल्या शेजारणीने ‘आजी काय करतात?’ असे विचारले. रात्री उशिरा शेजारच्या कारखान्यातील खडखड थांबलेली नाही. पाहुणे येऊन बसले आहेत आणि आतून कोणी विचारते आहे. संक्रांतीच्या सुमारास भरणारी श्री सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा किती जुनी आहे हे नातवाला सांगायचे आहे. शक्य असेल तर एकाच घरातील दोघांना आपसांत बोलू द्यावे आणि त्यांच्या परवानगीने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. एकट्या माणसाला विचारले की तो पुस्तकी रूप सांगतो. आपसांतील बोलण्यात घरातले रूप येते. शिष्ट कन्नडमध्ये ‘तो करतो आहे’ यासाठी ‘माडुत्तिद्दाने’ हे रूप आहे, मात्र उत्तर कर्नाटकी वळणाने बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘माडाकत्तान’ असे येते. या दुसऱ्या रूपात ‘हत्तु’ हे क्रियापद दडलेले असून त्याचा अर्थ चढणे, चिकटणे, लागणे असा आहे. म्हणजे आपल्याकडे ‘करायला लागला’ म्हटले की केवळ आरंभ कळतो, पण त्याच घडणीचे कन्नड रूप आरंभाच्या पुढे जाऊन चालू क्रियेचा अर्थ देऊ लागले आहे. पुस्तकी रूपावर समाधान मानले असते तर ही गोष्ट हातातून निसटली असती.

नोंद देवनागरीत करायची असेल, तर एक काळजी आवश्यक आहे. कन्नड आणि तेलुगूत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ओ’ वेगवेगळे आहेत; त्यासाठी ऱ्हस्व स्वरांकरिता ऎ आणि ऒ ही चिन्हे वापरावीत किंवा शब्दाखाली खूण करावी. सांगणाऱ्याचे नाव लिहिण्याची गरज नाही, परंतु वय, घरातील भाषा आणि कुटुंब मूळचे कोणत्या भागातले, हे अवश्य लिहावे, कारण तेलंगणातून आलेल्या घरातील तेलुगू आणि छापील तेलुगू यांत फरक पडतो.

आधी मराठीची वाटणी मांडावी

दुसऱ्या भाषेकडे जाण्यापूर्वी आपल्या भाषेतील रूपे समोर ठेवावीत. ‘पाऊस पडतो आहे’ यात क्रियेचा मध्य दिसतो. ‘पाऊस पडत राहिला’ यात तो थांबेल अशी अपेक्षा होती आणि ती पुरी झाली नाही. ‘पाऊस वाढत गेला’ यात प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याच्या पुढचा आहे. ‘हे घराणे तीन पिढ्या माग चालवत आले आहे’ यात भूतकाळातून बोलणाऱ्याच्या क्षणापर्यंत येणारी वाट आहे. ‘तो बोलत बसला’ यात वेळ वाया गेल्याची नाराजी आहे आणि ‘तो पळत सुटला’ यात आवरता न येणारा वेग आहे. राहणे, जाणे, येणे, बसणे, सुटणे ही साधी क्रियापदे ‘-त’ या रूपापाठोपाठ आली की चालू असण्याच्या निरनिराळ्या जाती दाखवतात. विदर्भात ‘काय करून राहिला?’ असे म्हणतात, तेथे ‘राहणे’ अपेक्षाभंग सोडून निव्वळ चालू क्रियेसाठी वापरले गेले आहे. हिंदी-उर्दूतील ‘कर रहा है’ याच वाटेने गेले. वहीत प्रत्येक रूपापुढे त्यातील साहाय्यक क्रियापदाचा मूळ अर्थ लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

ही यादी तयार असली की तेलुगू आणि कन्नडमधील साम्य चटकन ओळखू येते. तेलुगूत ‘चेस्तुन्नाडु’ म्हणजे करतो आहे. त्यातच निश्चयार्थक ‘ए’ घालून ‘चेस्तूने उन्नाडु’ म्हटले की ‘करतच आहे’ असा अर्थ होतो आणि आपला ‘च’ नेमके तेच काम त्याच जागी करतो. ‘करत आला’ यासाठी तेलुगूत ‘चेस्तू वच्चाडु’ आणि कन्नडमध्ये ‘माडुत्ता बंद’ आहे. तिन्ही ठिकाणी येण्याचे क्रियापद आहे. ही घडण भारतापुरती मर्यादित नाही. तुर्कीत परंपरेला ‘स्युरेगेलेन’ हे विशेषण लावतात, त्यात टिकणे आणि येणे ही दोन क्रियापदे जोडलेली आहेत, म्हणजे शब्दशः ‘चालत आलेली’. जपानीतही क्रियापदाच्या ‘-ते’ रूपापुढे येण्याचे क्रियापद लावून आजवर चालत आलेली क्रिया सांगतात आणि जाण्याचे क्रियापद लावून यापुढे चालत जाणारी. स्पॅनिश भाषक मात्र ‘दहा वर्षे काम करतो आहे’ हे सांगताना वाहून नेण्याचे क्रियापद वापरतो आणि ‘अजून काम करतोच आहे’ हे सांगताना मागोमाग जाण्याचे.

तीन प्रश्न चुकवू नयेत

पहिला प्रश्न बसण्याचा आणि नेसण्याचा. पाहुणे खुर्चीत आहेत, त्यांच्याविषयी मराठीत ‘पाहुणे बसले आहेत’ असे म्हणतात. ‘बसत आहेत’ म्हटले तर ते अजून टेकायचे आहेत. ‘ती साडी नेसते आहे’ आणि ‘ती साडी नेसली आहे’ यांतही हाच फरक आहे. स्थिती चालू आहे, परंतु मराठी ती चालू रूपाने सांगत नाही, पूर्ण झालेल्या क्रियेच्या रूपाने सांगते. कन्नडमधील ‘कुळितिद्दाने’ याचीही घडण ‘बसून आहे’ अशीच आहे. इंग्रजी मात्र बसलेल्या माणसालाही आणि नेसलेल्या साडीलाही ‘इंग’ लावते, म्हणूनच इंग्रजीतून मराठीत घाईने केलेल्या भाषांतरांत ‘तिने निळी साडी नेसत आहे’ यांसारखी मोडकी वाक्ये दिसतात. जपानीतील ‘-ते इरु’ या एकाच रूपात जेवतो आहे हेही बसते आणि दिवा लागलेला आहे हेही बसते. कपड्यांच्या बाबतीत घालणे चालू आहे की घातलेले आहे, हे संदर्भावरून ठरवावे लागते. चिनीत त्यासाठी दोन स्वतंत्र खुणा आहेत : क्रियापदाआधी ‘त्साय’ आले तर कपडे चढवणे चालू आहे आणि क्रियापदानंतर ‘च’ आले तर कपडे अंगावर आहेत. एवढ्या एका प्रश्नाने भाषेच्या घडणीविषयी जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने कळत असेल, म्हणून यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा.

दुसरा प्रश्न नकाराचा. होकारार्थी वाक्यात जो भेद स्पष्ट असतो तो नकारात बहुधा पुसला जातो. ‘तो काम करतो’ आणि ‘तो काम करतो आहे’ हे वेगळे आहेत, परंतु लिखित मराठीत दोहोंचा नकार ‘तो काम करत नाही’ असाच होतो. बोलीत मात्र ‘करत नाहीये’ म्हणून या क्षणापुरता नकार वेगळा काढता येतो. कन्नडने हा भेद पक्का राखला आहे : ‘माडुत्तिल्ल’ म्हणजे आत्ता करत नाही आणि ‘माडुवुदिल्ल’ म्हणजे करतच नसतो किंवा करणार नाही. तेलुगूत ‘चेयडम् लेदु’ आणि ‘चेयडु’ यांत तोच फरक आहे. ज्यांनी केवळ होकारार्थी वाक्ये गोळा केली त्यांच्या वहीत मराठी आणि तिच्या या शेजारणींचे हे वेगळेपण येणारच नाही.

तिसरा प्रश्न ‘अजून’चा. ‘अजून विणतो आहे’, ‘अजून आला नाही’ आणि ‘अजून एक भाकरी’ या तिन्ही ठिकाणी मराठी एकच शब्द वापरते. कन्नडमध्ये ‘इन्नू’ आणि तेलुगूत ‘इंका’ हीच तिन्ही कामे करतात; जर्मनमधील ‘नोख’ही तिन्ही ठिकाणी चालतो, तर इंग्रजीला त्यासाठी वेगवेगळे शब्द लागतात. लिखित अरबीत ‘तो अजून लिहितो आहे’ हे ‘मा झाला यक्तुबु’ असे, म्हणजे त्याने थांबणे केले नाही अशा नकाराच्या वाटेने, सांगितले जाते. झुलू भाषेत स्वतंत्र शब्दाचीही गरज नसते. क्रियापदाच्या पोटात ‘सा’ हा एक अवयव घातला की ‘अजून’चा अर्थ येतो.

खंड पडून पुन्हा चालू झालेल्या क्रियेबद्दल थोडक्यात एवढेच विचारावे की ती पुढची दिशा कशी दाखवते. आपण ‘पुढे वाच’ म्हणतो आणि मासिकातील लेखमालेखाली ‘पुढे चालू’ असे छापतो. जर्मन भाषकही पुढे या अर्थाचे ‘वाइटर’ क्रियापदाला जोडतो, तर चिनी भाषक ‘बोलत राहा’ हे सांगण्यासाठी खाली जाण्याचे क्रियापद वापरतो.

खंड किती चालतो?

एक प्रसंग मुद्दाम सर्वांना द्यावा. विणकर चहा प्यायला टपरीवर आला आहे, माग बंद आहे, आणि कोणी विचारते की सध्या त्याचे काय चालले आहे. ‘तो मोठ्या मापाची चादर विणतो आहे’ हे उत्तर मराठीत बिनचूक ठरते, जरी त्या क्षणी त्याचा हात मागावर नाही. या अडचणीचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. पाणिनीच्या ‘वर्तमाने लट्’ (वर्तमानकाळासाठी ‘लट्’ची रूपे वापरावीत) या संस्कृत व्याकरणसूत्रावर नंतरच्या व्याकरणकार कात्यायनाने आक्षेप घेतला की, सुरू झालेली पण संपलेली नसलेली क्रिया बोलण्याच्या क्षणी प्रत्यक्ष घडत नसेल, तर तिला वर्तमानकाळ कसा लावायचा. ‘आम्ही येथे अध्ययन करतो’ हे वाक्य अध्ययन थांबलेले असतानाही म्हटले जाते. यावर पतंजलीच्या महाभाष्यात फार सुंदर उत्तर आहे. देवदत्त जेवतो आहे हा वर्तमानकाळ तुम्ही निःशंक मानता ना, मग जेवताना देवदत्तही मध्येच हसतो, बोलतो, पाणी पितो, असे तेथे म्हटले आहे. खंड नसलेली क्रिया जवळजवळ नसतेच, हे त्यातून निघते.

म्हणून प्रत्येक भाषकाला खंड वाढवत नेत विचारावे : विणकर चहाला गेला, रात्री घरी गेला, आठवडाभर गावी गेला, कारखानाच महिनाभर बंद आहे. कोणत्या टप्प्यावर ‘विणतो आहे’ म्हणणे त्याला पटेनासे होते, तेथे रेघ ओढावी आणि तेथे त्याने कोणते दुसरे रूप घेतले ते लिहावे. मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्हींसाठी ही रेघ एकाच टप्प्यावर पडते का, आणि एकाच घरातील आजी आणि नात यांची रेघ सारखी असते का, याची नोंद वहीच्या स्वतंत्र पानावर ठेवावी. निदान तीन घरांतील उत्तरे जमेपर्यंत त्यावरून कोणताही नियम मांडू नये.