हेडचे बोल्ट नवेच घातले

हर्णै बंदरातल्या आमच्या बोटीच्या डिझेल इंजिनाचं हेड गॅस्केट, म्हणजे वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली गळती रोखणारी पातळ चकती, गेलं. हेड प्लेन, म्हणजे खालून घासून सपाट, करून आणलं, पण जुने बोल्ट परत घालायला मी साफ नकार दिला. मॅन्युअलप्रमाणे टॉर्क दिल्यावर, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळल्यावर, आणखी 90 अंश फिरवायचे होते. असे बोल्ट ताणले जातात, पुन्हा तशी पकड देतात याची खात्री नाही. जुन्यावर हाताने नट फिरवून पाहिला, तर मधेच अडकला. तिथले आटे ओढले गेले होते.

खाऱ्या हवेचा गंज ब्लॉकच्या भोकांतून काढून हवा मारली. भोकात तेल साचलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो, म्हणून आट्यांना तेलाचा नुसता हात. मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळले. अंशांसाठी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर रंगाची खूण. आता पाणी कुठेच झिरपत नाही.