कोस्टा रिकातून एका दिवसात मसाया आणि ग्रनाडा: आधी सीमेचं बघा

कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्तेच्या किनाऱ्यावर सुट्टीला आलेली, अमेरिकेत राहणारी आपली मंडळी तिथूनच शेजारच्या निकाराग्वाची, म्हणजे मसाया ज्वालामुखी आणि ग्रनाडा शहराची, एक दिवसाची सहल आखतात. जरूर आखावी. पण सहलवाले ज्वालामुखीबद्दल पानभर लिहितात आणि दोन देशांमधल्या पेन्यास ब्लांकासच्या सीमेबद्दल एक ओळ. दिवस हातचा जातो तो तिथेच.

आधी कागद. भारतीय पासपोर्टवर, अमेरिकेच्या व्हिसाच्या जोरावर तुम्हाला कोस्टा रिकात प्रवेश मिळाला असेल, तर तीच सवलत निकाराग्वात मिळेल असं धरून चालू नका. सकाळी तुम्ही एका देशातून पूर्ण बाहेर पडता आणि संध्याकाळी त्याच देशात नव्याने प्रवेश मागता. कोस्टा रिकाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतीची वाट बंद. ‘आमच्याबरोबर सगळेच जातात’ हे उत्तर ऐकून पैसे भरू नका. त्या ‘सगळ्यां’मध्ये बहुतेक अमेरिकी आणि कॅनडाचे पासपोर्ट असतात. निकाराग्वाच्या वकिलातीकडून लेखी उत्तर घ्या. परतताना कोस्टा रिकाचा अधिकारी देशाबाहेर जाण्याचं तिकीट मागू शकतो, म्हणून विमानाच्या तिकिटाची छापील प्रत जवळ हवीच.

सीमेवर आधी कोस्टा रिकाचा निर्गमन कर आणि शिक्का, मग मधला पट्टा पायी, पुढे निकाराग्वाचं शुल्क, शिक्का आणि सामानाची तपासणी. ‘पासपोर्ट द्या, काम करून आणतो’ म्हणत माणसं मागे लागतात. कुणालाही देऊ नका. गाइडने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले, तर परत मिळताच तिथेच पान उघडून शिक्का बघा. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर संध्याकाळी तुमची बाजू मांडायला काहीच उरत नाही. शुल्कासाठी सुट्टे डॉलर ठेवा, न फाटलेले, न लिहिलेले. मळक्या नोटा घेत नाहीत. ड्रोन हॉटेलवरच ठेवा. निकाराग्वात त्याला बंदी आहे आणि तो जप्त होतो. नाताळ आणि ईस्टरच्या आठवड्यात ही सहल करूच नका: कोस्टा रिकात कामाला असलेले निकाराग्वी लोक तेव्हा घरी जातात आणि रांगा तासन्‌तास हलत नाहीत.

पुढचं सोपं. सीमेवरून रिवास गावाकडे जाताना उजव्या खिडकीशी बसा, निकाराग्वा सरोवरातल्या ओमेतेपे बेटावरचा कोन्सेप्सिओन ज्वालामुखी दिसतो.

मसायाच्या सांतियागो विवरात २०१५ च्या अखेरीस लाव्हाचं तळं दिसू लागलं होतं. मार्च २०२४ मध्ये विवराचा कडा कोसळून ते बुजलं. तरी तेच लालभडक फोटो अजून दाखवले जातात. सध्या ज्वालामुखीभोवतीचं राष्ट्रीय उद्यान उघडं आहे का आणि नेमकं काय दिसतं, हे पैसे देण्याआधी विचारा. दम्याचा त्रास असेल तर काठावर जाऊ नका. गंधकाचा वायू छातीत बसतो.

ग्रनाडा शहर १५२४ सालचं, आणि १८५६ मध्ये निकाराग्वाची सत्ता बळकावलेल्या विल्यम वॉकर या अमेरिकी माणसाच्या सैनिकांनी जाळलेलं. उन्हात रस्तोरस्ती फिरण्यापेक्षा ला मेर्सेद चर्चच्या मनोऱ्यावर चढा. कौलांपलीकडे मोंबाचो ज्वालामुखी आणि सरोवर दोन्ही दिसतात. सरोवरातल्या लहान बेटांची नौकासफर त्याच दिवशी कोंबू नका.

आणि परत निघायची वेळ गाइडकडून सकाळीच ठरवून घ्या. वाटेत खरेदीसाठी थांबूया म्हणाला तर सरळ नाही म्हणा, संध्याकाळची रांग अजून बाकी असते.