जून सशामागे कुत्रा सोडण्याआधी

कुत्रा, पट्टा, बॅटरी, प्यायचं पाणी, गाडीत मागे टाकायला जुनी चादर. एवढ्यासाठी यादी लागत नाही. लागत असेल तर घरीच बसा. यादी लिहायला घेतली आहे ती तारेसाठी. गेल्या ऑक्टोबरात माझ्या कुत्रीची छाती शेतातल्या काटेरी तारेवर फाटली. शेत माझ्या ओळखीचं, तार दिवसाढवळ्या ठळक दिसणारी, आणि चूक सोळा आणे माझी.

तारेआधी दोन गोष्टी उरकतो. हे सगळं इंग्लंडातलं आहे. महाराष्ट्रात रानातला ससा मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आजोबा कारवानी कुत्री घेऊन माळावर जायचे, ते दिवस संपले. सुट्टीत गावी गेल्यावर ‘चल की दादा, रात्रीचं जरा फिरून येऊ’ म्हणणाऱ्या चुलतभावाला सरळ नाही म्हणा. इथेही सगळं मोकळं नाही. २००४ च्या हंटिंग ॲक्टने कुत्र्यांकरवी शिकार बंद केली. त्यातून उंदीर आणि रॅबिट तेवढे वगळले, तेही जमीन आपली असेल किंवा कसणाऱ्याची परवानगी असेल तरच. हेअरला हात लावायचा नाही.

आपली पंचाईत अशी की मराठीत दोघेही ससेच. आपल्या माळावर ढेकळांत दबून बसतो तो हेअरचा भाऊबंद. तो बीळ करत नाही, त्याची पिलं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. इथला रॅबिट बिळात राहतो, त्याची पिलं उघडी आणि आंधळी. (खाली मी ससा म्हणेन तो हाच, बिळातला.) पूर्ण वाढलेला हेअर तीन-चार किलोंचा, कानांची टोकं काळी, मागचे पाय लांबलचक, तो चुकायचा नाही. चुकतं ते अर्धवट वाढलेल्या हेअरच्या बाबतीत. बॅटरीच्या उजेडात तो अगदी दीड-दोन किलोंच्या जून, म्हणजे पूर्ण वाढलेल्या, सशाएवढाच दिसतो. कानांची टोकं बघा, पळताना बघा. ससा कुंपणाकडे, बिळाकडे पळतो, हेअर उघड्या रानात. शंका आली की पट्टा सोडायचा नाही. २०२२ पासून हेअरच्या बाबतीत कायदा आणखी कडक झाला आहे. बेहद्द दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि कुत्राही जप्त होऊ शकतो. परवानगीचा कागद खिशात असू द्या. निघण्याआधी पोलिसांच्या १०१ वर फोन करून नाव, गाडीचा नंबर, कुठलं शेत ते सांगून ठेवा. रात्री अकराला लांब पायांचा कुत्रा घेऊन तुमच्या-माझ्या रंगाचा माणूस बांधावर दिसला तर कोणीतरी फोन करणारच. त्यांचंही चुकत नाही, हेअरमागे चोरून कुत्रे सोडणाऱ्या टोळ्यांनी शेतकऱ्यांना रडकुंडीला आणलं आहे.

आता तार.

मी ते शेत पाहिलं नव्हतं असं नाही. जूनमध्ये पायी फिरून पाहिलं होतं, चारही बांध. ऑक्टोबरात म्हटलं, पाहिलेलंच तर आहे. मधल्या काळात, सप्टेंबरात, शेतकऱ्याने मेंढ्या सोडायला मधोमध नवं कुंपण घातलं. खाली चौकोनी जाळी, वर काटेरी तारेचा एक पदर. त्याला फोन केला असता तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं. मी केला नाही. म्हणून लिहून ठेवतो: शेत ज्या दिवशी जायचं त्याच दिवशी, उजेडात, पायी बघायचं. मागच्या महिन्यात बघितलेलं धरायचं नाही. नकाशावर बघितलेलं तर मुळीच नाही.

आणि जूनमध्ये तिथेच कुत्री सोडली तेव्हा काही झालं नाही ते केवळ नवी तार नव्हती म्हणून नव्हे, समोर पिलं होती म्हणूनही. हा फरक मला डॉक्टरांच्या दारात बसल्यावर कळला. इथे सशांचं वेत मुख्यतः जानेवारी ते ऑगस्ट चालतं, महिन्याभराचा गर्भ, तीन-चार आठवड्यांत पिलू बिळाबाहेर. मे-जूनमध्ये कुंपणाच्या कडेने मुठीएवढ्यापासून अर्ध्या वाढीपर्यंतची पिलं संध्याकाळी चरताना दिसतात. ती बिळापासून लांब जात नाहीत. कुत्रा आला की पंधरा-वीस पावलं पळतात, मग गवतात चपापून बसतात, किंवा गोल फिरून पुन्हा तिथेच. कुत्रा त्यांच्यावरून पुढे जातो, तोंडावर आपटतो, उठून शोधत बसतो. सगळा खेळ अंगणाएवढ्या जागेत, आणि ती जागा तुमच्या डोळ्यांसमोर.

जून ससा तसा नाही. तो रात्री शेताच्या मध्यापर्यंत चरायला येतो, त्याला प्रत्येक भोक पाठ असतं, आणि धोका कळला की मागचे पाय जमिनीवर आपटून बाकीच्यांना सांगतो आणि सरळ रेषेत सुटतो. ती रेषा रोजची. गवतात बोटभर खोल वाट पडलेली असते, उजेडात नीट बघितली तर दिसते. ती वाट हटकून जाळीच्या एखाद्या चौकोनातून, फाटकाखालून, तारेखालून जाते. सशाला तिथे वाकावंही लागत नाही. मागून पूर्ण वेगात येणाऱ्या वीस-पंचवीस किलोंच्या कुत्रीला मात्र सशाच्या पांढऱ्या शेपटीपलीकडे काही दिसत नसतं. थोडक्यात, पिलामागे कुत्रा तुमच्याजवळ राहतो आणि जून ससा त्याला तुम्ही न बघितलेल्या जमिनीवर नेतो. म्हणून जून सशासाठी शेत बघायचं म्हणजे बांधाने फेरी मारायची नाही, सशाच्या वाटेने चालायचं. तार लागली की तिच्या खालच्या काट्यांत भुरे केस अडकलेत का बघायचं. केस असले की वाट पक्की, आणि रात्री तुमचा कुत्रा नेमका तिथेच आदळणार हेही पक्कं.

त्या रात्री मी आधी आवाज ऐकला. बादलीची कडी सुटून पडावी तसा एकच. मग काही नाही. मग ती परत आली, शेपूट हलवत, तोंड रिकामं. मला वाटलं ससा हुकला. बॅटरी खाली केली तेव्हा दिसलं की छातीचं कातडं पाकिटाच्या झाकणासारखं लोंबतंय आणि आत फिकट गुलाबी, ओलं, चकचकीत. रक्त जवळजवळ नव्हतंच, त्यामुळे क्षणभर मला ते चिखल वाटलं. या लांब पायांच्या कुत्र्यांना चरबी नाही, कातडं पापडासारखं. तेवीस टाके. रात्रीच्या डॉक्टरांचं बिल मुंबईच्या तिकिटापेक्षा जास्त. पैशांचं जाऊ द्या, ती डिसेंबरपर्यंत जिना चढायला बघत राहायची आणि मी उचलून न्यायचो.

तर आता मी असं करतो. दुपारी शेतकऱ्याला फोन, एकच प्रश्न: गेल्या वेळेपासून नवीन काय? तार, विजेचं कुंपण, गवतात सोडलेला कुळव, काहीही. त्याने ‘काही नाही’ म्हटलं तरी सूर्य मावळण्याआधी तासभर चालायला जातो, कारण जी तार त्याला रोज दिसते ती त्याला आठवत नाही. जुन्या पंचाच्या वीतभर पट्ट्या फाडून नेतो आणि सशाची वाट जिथे तारेखालून जाते तिथे दोन-दोन बांधतो. रात्री बॅटरीत त्या पांढऱ्या चमकतात. त्या कुत्र्यासाठी नाहीत, माझ्यासाठी आहेत: ससा त्या दिशेला असेल तर मी पट्टा सोडत नाही. कितीही छान बसलेला असू दे. सकाळी पट्ट्या काढून आणायच्या, मेंढ्या खातात.

पिलांच्या वेळी इतकं चालावं लागत नाही. पण ‘तेव्हा लागलं नाही म्हणून आताही लागणार नाही’ हेच मी म्हटलं होतं.

कुत्र्याबद्दल. वर्षाच्या आत सोडू नका. पहिल्या हंगामात अर्ध्या वाढीचे ससे बरे, चार हातात आले की कुत्र्याला धीर येतो. पण चपापून बसलेली पिलंच उचलायची सवय लागली तर तो पळायलाच शिकत नाही, आणि थंडीत जून ससा त्याला वेडा बनवतो. एप्रिल-मेमध्ये मी जातच नाही. आई मारली तर बिळातली आंधळी पिलं उपाशी मरतात, आणि तसला ससा मला नको. जूनमध्येही शेतकरी मागे लागला तरच. १९५४ च्या कायद्याने शेतातल्या सशांचा बंदोबस्त त्याच्याच गळ्यात आहे, त्यामुळे तो लागतोच मागे. गेलोच तर ऊन उतरल्यावर. हे कुत्रे दोन धावांत तापतात. धापा थांबत नसतील तर तिसरी धाव नाही, पाणी पाजा, पोटाखाली ओलं फडकं फिरवा.

रात्र: अंधारी, वाऱ्याची, जमल्यास बारीक पाऊस. चांदण्यात जून ससे शंभर पावलांवरून उठतात. मी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बघून अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरतो. बायको म्हणते, एवढंच बघतोस त्यात. वारा तोंडावर घ्यायचा, आणि कुत्रा सशाच्या आणि कुंपणाच्या मध्ये येईल असं चालायचं. पिलांना याची गरज नाही, जून सशाला आहे. बॅटरी सतत पेटवून फिरवायची नाही. एकदा फिरवा, डोळे चमकलेले दिसले की विझवा, जवळ जा, मग पुन्हा. धाव चालू झाल्यावर झोत सशाच्या जरा पुढे ठेवा, म्हणजे कुत्र्याला पुढची जमीन दिसते. आणि झोतात पट्टी चमकली की शिट्टी. कुत्रा शिट्टीवर थांबत नसेल तर जून सशामागे सोडायच्या लायकीचा नाही अजून, घरी शिकवा.

औषधाची पिशवी: सलाईनच्या बाटल्या, जाळीच्या घड्या, रुंद चिकट बँडेज, कात्री. रात्री उघडा असणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये आधीच घालून ठेवा. मी त्या रात्री बांधावर उभा राहून, ओल्या बोटांनी, रेंज नसताना तो शोधत होतो. फाटलेलं कातडं सलाईनने धुवा, ओली घडी ठेवा, बांधा, निघा. तिथे शिवत बसू नका.

पुढचं भराभर. ससा हातात जिवंत आला तर मान लगेच मोडा, रेंगाळू नका. डोळे सुजलेले, चिकट, पळायचंही भान नसलेला ससा मिक्सोमॅटोसिसचा. हा रोग इथे १९५३ पासून आहे. तो संपवा, पण स्वयंपाकघरात आणू नका. मूत्राशय तिथेच दाबून रिकामं करा, आतडी गार व्हायच्या आत काढा. कोवळा की जून ते कानावरून कळतं. कोवळ्याचा कान सहज फाटतो, नखं बारीक आणि टोकदार. जुनाची नखं झिजलेली, जाड. कोवळा तव्यावर, लसूण-मिरचीत, अर्ध्या तासात. जून असेल तर काळं वाटण, मंद आच, दोन तास, आणि तरी मांडी चिवट लागली तर तक्रार करू नका.

घरी आल्यावर झोपायच्या आधी कुत्र्याची बोटं फाकवून बघा, काटा किंवा गारगोटीचा चीर असतो. छातीवरून, बगलेतून उलटा हात फिरवा, केसांच्या विरुद्ध. मग जेवण. तारेवरच्या पट्ट्या सकाळी आणायच्या आहेत, दाराशी चिठ्ठी लावून ठेवा, नाहीतर काढायच्या राहतात.