गादीवाफ्याची माती आणण्याआधी

माती मे महिन्यातच घरी आणायची, हे पहिलं ठरवून टाका. एकदा मृगाचा पाऊस सुरू झाला की काळी माती फावड्याला चिकटते, चाळणीतून उतरत नाही, आणि टेम्पोचं चाक अंगणात रुतलं तर शेजाऱ्यांना धक्का मारायला बोलवावं लागतं.

मग टेप घेऊन गादीवाफा, म्हणजे जमिनीपासून उंच केलेला वाफा, मोजा. आठ फूट लांब, चार फूट रुंद, एक फूट उंच म्हणजे 32 घनफूट. रुंदी चार फुटांच्या वर नको, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. मातीवाले ब्रासच्या भाषेत बोलतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, तेवढ्यात असे तीन वाफे भरतात. त्यातही निम्माच भाग मातीचा असतो, त्यामुळे एका वाफ्यासाठी पूर्ण ब्रास घेऊन बसू नका. हा हिशेब जमिनीवरच्या वाफ्याचा आहे. ओली माती घनफुटाला 45 ते 50 किलो भरते, म्हणजे नुसत्या मातीचा वाफा दीड टनांचा. गच्चीवर हे प्रकरण इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये.

आता मुख्य मुद्दा. नाशिककराला काळ्या मातीचा अभिमान असतो, मलाही आहे, पण वाफा नुसत्या काळ्या मातीने भरू नका. बेसाल्टच्या झिजेतून झालेली ही माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात ते चालतं, कारण खाली खोल ओल धरलेली असते आणि त्या ओलीवर हरभरा निघतो. फूटभर उंचीच्या वाफ्यात मात्र पावसाळ्यात चिखल आणि एप्रिलमध्ये वीट, एवढंच हाती लागतं. शिवाय आपल्याकडच्या काळ्या मातीत बऱ्याचदा चुनखडी असते. सामू (मातीचा pH) 8 च्या आसपास गेला की जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडची लाल माती याच्या उलट. तिकडच्या धो धो पावसात चुना धुऊन गेलेला असतो, माती सुटी असते, पाणी पटकन खाली जातं. पण पोटात फारसं काही नसतं, खत सारखं घालावं लागतं. दोघींना एकत्र नांदवलं की काम होतं. धरणातला गाळ मिळाला तर तोही चांगला, मात्र बारीक असल्यामुळे वर पापुद्रा धरतो, तेव्हा चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

ढीग स्वतः जाऊन बघा, आणि दिवसा बघा. तीन वर्षांपूर्वी मी फोनवर ‘गाळाची माती’ मागवली. टेम्पो रात्री साडेआठला आला, अंधारात ओतून गेला. सकाळी पाणी मारलं तर पांढरे खडे, फरशीचे तुकडे आणि एक अख्खं पीव्हीसीचं कोपर. कुठल्या तरी बंगल्याच्या पायाची खोदाई होती ती. खड्यावर लिंबू पिळलं तर फसफसलं, म्हणजे चुनखडीच.

म्हणून ढिगाकडे जाताना पाण्याची बाटली आणि लिंबू सोबत न्या. वरवरची नाही, ढिगाच्या पोटातली मूठभर माती काढा, ओलसर करा, तळहातावर वळा. चकलीसारखा वेढा न तुटता आला तर ती फार चिकण. लाडू वळला जातो पण अंगठ्याने दाबला की फुटतो, ती आपली. हात फिरवून लव्हाळ्याच्या काळ्या गाठी आणि हरळीच्या कांड्या शोधा. गाठी दिसल्या तर भाव न करता परत या, लव्हाळा एकदा घरात शिरला की पिढ्यानपिढ्या राहतो. ढीग पसंत पडला तरी पाच-सहा ठिकाणची मिळून अर्धा किलो माती सावलीत वाळवून मृदा चाचणी प्रयोगशाळेत द्या. सामू आणि क्षारता हे दोन आकडे बघितले तरी पुरे.

शेणखत नीट कुजलेलं हवं. पाटीत हात घातला तर गरम लागू नये, शेणाचा वास येऊ नये. कच्च्या खतातून हुमणीची पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी येते आणि मुळं खाऊन टाकते. दिसेल तेवढी वेचून कोंबड्यांना घाला. भुसभुशीतपणासाठी घोटीकडच्या भातगिरणीतलं तूस स्वस्त पडतं. कोकोपीट घेतलंत तर दोनदा धुऊन क्षार काढा. वाळू मी घालत नाही. काळ्या मातीत थोडीशी वाळू म्हणजे गिलाव्याचाच माल.

माप घमेल्याने धरा: तीन लाल, दोन काळी, तीन शेणखत, दोन तूस. माती चाळून घ्या, सगळं ताडपत्रीवर फावड्याने दोनदा पलटा, पूर्ण वाफ्याला अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. भरण्याआधी खालची जमीन कुदळीने अर्धा फूट मोकळी करा. तळाशी प्लास्टिक नको, खडीही नको.

भरून झालं की पाणी द्या आणि वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी होईपर्यंत, हात लावू नका. मग एका कोपऱ्यात मेथी पेरा, आठवड्यात काय ते कळतं. दोन-तीन पाण्यांत माती दोन इंच तरी खाली बसते, त्यासाठी दोन गोणी मिश्रण झाकून ठेवलेलं असू द्या. आणि बोरीच्या काट्या आधीच आणून ठेवा, भुसभुशीत माती पहिल्या रात्री गल्लीतल्या मांजरांना सापडते.