बिल्ट-इन ओव्हन बदलताय? आधी वायर बघा

जुना काढला, नवा त्याच खाचेत सरकवला की झालं, असं वाटतं खरं, पण कॅबिनेटचं माप जुळलं म्हणून वायरचं जुळतंच असं नाही. दोन्ही ओव्हनची वॅट लिहिलेली प्लेट शोधा, बहुतेक वेळा दरवाजा उघडल्यावर आतल्या फ्रेमवरच चिकटवलेली असते. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर. 230 व्होल्टवर 2300 वॅट म्हणजे 10 अँपिअर, आणि 3600 वॅट म्हणजे जवळपास 16, मग 16 च्या एमसीबीवर (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) हाताशी काही उरतच नाही.

इथे लोक एक घोळ हमखास घालतात, एमसीबी सारखा पडतो म्हणून 16 चा काढून 32 चा टाकतात. अहो, तो ओव्हनसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो! वायर तीच 2.5 स्क्वेअर एमएमची आणि एमसीबी दुप्पट, म्हणजे आता एमसीबी पडायच्या आधी वायर तापणार आणि तीही प्लास्टरच्या आत, कुणाला दिसणारे? एकतर जाड वायर ओढून घ्या नाहीतर कमी वॅटचा ओव्हन घ्या. आणि त्या लाइनवर दुसरं काही नको, ओव्हनला लाइन स्वतंत्रच हवी.

काढताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, बोर्डातला एमसीबी खाली करा आणि वर टेप मारा, नाहीतर घरातलं कुणीतरी लाइट गेली समजून वर करतं. टेस्टर पेटला नाही म्हणून लगेच हात घालू नका. मल्टीमीटर आधी दुसऱ्या चालू सॉकेटवर लावून बघा, मग ओव्हनच्या फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थवर, आणि परत त्या चालू सॉकेटवर, म्हणजे मीटरच मेला नाहीये ना ते कळतं.

बाजूचे स्क्रू काढून दोघांनी ओढा, जड असतो. वायर सोडायच्या आधी फोटो काढा. माझ्या जुन्या ओव्हनच्या न्यूट्रलचा स्क्रू ढिला निघाला होता, आजूबाजूचं प्लास्टिक तपकिरी झालेलं, बोटाने दाबलं तर भुगा. साधं गणित आहे, 13 अँपिअर आणि ढिल्या जॉइंटचा 0.1 ओहम, की नखाएवढ्या जागेत जवळपास 17 वॅट उष्णता. करपलेला भाग कापून टाका, ताजी तार सोला, थिंबल (तारेच्या टोकावर बसणारी धातूची टोपी) दाबून मगच कसा, आणि कसल्यावर वायर ओढून बघा.

टर्मिनलवर पितळी पट्ट्या असतील तर ओव्हनवरचं चित्र बघूनच लावा, सिंगल फेज आणि थ्री फेजला त्यांची जागा वेगळी असते. अर्थची तार बाकीच्यांपेक्षा थोडी लांब ठेवा, वायर खेचली गेलीच तर ती शेवटी सुटेल. सॉकेट ओव्हनच्या थेट मागे नको, शेजारच्या कपाटात असलेलं बरं, म्हणजे प्लग काढायला ओव्हन उपसावा लागत नाही.

भिंतीतून ॲल्युमिनिअमची वायर निघाली किंवा अर्थच नसेल, तर मात्र थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, तांब्याला ॲल्युमिनिअम नुसतं पिळून टेप मारायचं काम नाही ते.

पहिल्यांदा चालू केल्यावर आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) पडला तर घाबरू नका, बरेच दिवस पडून असलेल्या ओव्हनच्या एलिमेंटमध्ये दमट हवा शिरलेली असू शकते. पण म्हणून आरसीसीबी बायपास करून ओव्हन तापवायचा नाही, मेकॅनिककडून इन्सुलेशन तपासून घ्या.