मुलीचं नाव आडनावाला शोभतं का? बारशाआधी असं तपासा

बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते ते नुसतं नाव. कागदावर ते एकटं क्वचितच येतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांवर बाळाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे. दहावीच्या फॉर्मवर आडनाव आधी. सोलापुरातल्या तेलुगू घरांत तर घरनाव आधी लावायची रीतच आहे. म्हणून मनात असलेलं नाव तीन तऱ्हांनी लिहा: नाव-आडनाव, आडनाव-नाव आणि चारही शब्द. मग बाई हजेरी घेतात त्या वेगात मोठ्याने म्हणा.

पहिली गडबड सांध्यावर होते. ‘मधुरा राजमाने’ भरभर म्हटलं की एक ‘रा’ गिळला जातो आणि ऐकणारा ‘मधू राजमाने’ लिहून घेतो. ‘सई इंगळे’मध्ये दोन स्वर एकमेकांत मिसळतात. उलट क्रमात ‘माने नेहा’, ‘जाधव वेदिका’ अडखळतात. आईचं नाव विद्या असेल तर ‘अन्वी विद्या’चीही तीच गत. अशा वेळी नाव टाकून द्यायची गरज नसते, शेवट बदलून पाहा: मधुराऐवजी मधुजा, सईऐवजी सानिका.

लांबीचा हिशेब सोपा आहे. कुलकर्णी, यलगुलवार, क्षीरसागर अशा लांब आडनावांपुढे उमा, इरा, जुई छान बसतात. माने, शेटे, कोंडा अशा दोन अक्षरांपुढे मृण्मयी, अनुराधा भरदार वाटतात. जोडाक्षरं मात्र एकाच बाजूला ठेवा. ‘क्षिप्रा क्षीरसागर’ म्हणताना मोठ्यांचीही जीभ वळत नाही.

आडनावाला अर्थ असेल तर तो नावाशी भिडतो का, हेही बघा. ‘शुभ्रा काळे’, ‘वर्षा उन्हाळे’ ही नावं कानाला गोड आहेत, पण वर्गात मुलं चिडवतात आणि ते त्या पोरीला एकटीला सोसावं लागतं. आमच्या मते नाव बाद करायला एवढं कारण पुरेसं आहे.

घरात मराठीबरोबर कन्नड किंवा तेलुगू बोलत असतील तर आजीकडून नाव म्हणवून घ्या. ‘ज्ञ’ला आपण ‘द्न्य’ म्हणतो, कन्नडमध्ये तो ‘ग्न्य’च्या जवळ जातो; त्यामुळे ‘ज्ञानदा’चं इंग्रजी स्पेलिंग कुणी डीने करतं, कुणी जीने, कुणी जेने. कृपा, ऋचा या नावांतही यू की आय, हा घोळ होतो. स्पेलिंग एकदाच ठरवा आणि रुग्णालयापासून आधारपर्यंत तेच द्या.

पंचांगातलं चरणाक्षर (जन्मनक्षत्रावरून ठरणारं नावाचं पहिलं अक्षर) आडनावाशी जुळत नसेल, उदाहरणार्थ रोहिणी नक्षत्राचं ‘वा’ आणि आडनावही ‘वा’नेच सुरू होणारं वाघमारे, तर ते नाव पत्रिकेपुरतं ठेवून व्यवहारात दुसरं ठेवा. ही पद्धत जुनीच आहे.

घाई मात्र करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, पण ती नावाशिवायही होते. नाव नोंदणीनंतर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येतं, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा म्हणून लागतो. तेव्हा दाखला हातात पडला की खिडकीवरून हलण्याआधी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही ओळी अक्षर-अक्षर वाचा, आईवडिलांच्या नावांसकट.