कोकण रेल्वे अडकली तर आधी विचारा: दरड कुठे आली?

पावसाळ्यात कोकण रेल्वे ठप्प झाली की डब्यातला प्रत्येक जण एकच विचारतो, "गाडी कधी सुटणार?" त्या वेळी याचं उत्तर कुणाकडेच नसतं, स्टेशन मास्तरकडेही नसतं. त्यापेक्षा असं विचारा: "मास्तर, दरड कुठल्या दोन स्टेशनांच्या मधे आलीय?" तेवढं कळलं की आपली गाडी दरडीच्या अलीकडे आहे की पलीकडे, रस्त्याने कुठून बाहेर पडता येईल, तिकिटाचे पैसे कसे परत मिळतील, हे सगळं ठरवता येतं. माझी आई कुडाळजवळ राहते आणि मी डोंबिवलीत. भर पावसातही माझं जाणं-येणं थांबत नाही, म्हणून माझ्यासारख्यांसाठी हे लिहिते आहे.

दरडी याच मार्गावर का येतात, हे आधी समजून घ्या. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग डोंगर कापून काढलेला आहे. दोन्ही बाजूंना उंच कटिंग आणि मधून एकच रूळ. दुहेरी मार्ग रोहा ते वीर एवढाच, तोही २०२१ मध्ये झाला. वर जांभा, त्याखाली मऊ चिकण माती. जांभ्याच्या भेगांतून पाणी खाली झिरपत राहतं, खालची माती भिजून निसटते आणि वरचे धोंडे, झाडं, मुळं सगळं घेऊन रुळावर येते. खिडकीत बसलात तर कटिंगच्या भिंतीकडे लक्ष द्या. लोखंडी जाळी लावलेली दिसेल, आणि भिंतीत पाणी बाहेर पडायला ठेवलेली भोकंही दिसतील. त्या भोकांतून पाणी वाहत असणं चांगलं. ते आत कोंडलं तर डोंगरावरचा दाब वाढतो.

हे सगळं फार मोठी किंमत मोजून उभं राहिलं आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस धोंड्यांवर आदळली. त्यानंतर कटिंगांची कामं वाढली, पावसाळी गस्त कडक झाली आणि मुसळधार पावसात गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा नियम आला. गाडी रखडली की लोक चिडतात, मला मात्र तो सावकाश वेग बघून बरं वाटतं. पुढे रुळावर काही पडलेलं असेल तर चालकाला ब्रेक लावायला जागा मिळते, ती त्या वेगामुळेच. रात्री कटिंगजवळ रेनकोट घालून बॅटरी हलवत उभा असलेला ट्रॅकमन दिसला तर त्याला हात जरूर करा. तो डोंगरावर नजर ठेवून असतो, म्हणून आपण झोपू शकतो.

निघण्यापूर्वी करायचं ते थोडंच आहे. पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर चालायचं, २०२५ साली १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. त्यामुळे तिकिटावरची वेळ पुन्हा एकदा तपासा. निघायच्या दिवशी एनटीईएसवर, म्हणजे गाडी आत्ता कुठे आहे ते दाखवणाऱ्या रेल्वेच्या ॲपवर, आपली गाडी बघा, आणि तिच्या पुढे गेलेली गाडीही बघा. मांडवीने जायचं असेल तर आदल्या रात्रीची कोकणकन्या कुठवर पोचली ते पाहा. ती रत्नागिरीच्या पुढे वेळेत गेली असेल तर मार्ग मोकळा आहे. तीच एखाद्या छोट्या स्टेशनवर तासन् तास उभी दिसली तर घरूनच १३९ या रेल्वेच्या चौकशी क्रमांकाला फोन लावा. सामानात दोन दिवसांची औषधं, पाणी, कोरडा खाऊ आणि चार्ज केलेली पॉवर बँक हवीच. विन्हेरे, दिवाणखवटी, निवसर, आडवली अशा ठिकाणी गाडी थांबली तर खायला काही मिळेल अशी आशा धरू नका.

आता गाडी खरंच अडकली असं समजा. पहिली गोष्ट, दोन स्टेशनांच्या मधे उभी असेल तर खाली उतरू नका. कटिंगमधे गाडीच्या बाजूला चालायला जागा नसते, आणि जो डोंगर एकदा सरकलाय तो पुन्हा सरकू शकतो. गाडी बहुतेक वेळा मागच्या किंवा पुढच्या स्टेशनात नेतात. पुढे काय करायचं ते तिथे पोचल्यावर ठरवा.

१४ जुलै २०२४ ला संध्याकाळी खेड तालुक्यात दिवाणखवटी ते विन्हेरे दरम्यान दरड आली, तेव्हा मार्ग सुरू व्हायला जवळपास चोवीस तास लागले. अशा वेळी मुंबईकडे येणाऱ्या गाड्या खेड, चिपळूण, रत्नागिरीला थांबवतात आणि रेल्वे तिथून एसटीच्या बस सोडते. त्या बसची घोषणा झाली की आधी टीसीला किंवा मास्तरला विचारा, "ही बस कुठपर्यंत?" कधी ती दरडीच्या पलीकडच्या स्टेशनपर्यंतच जाते आणि पुढे दुसरी गाडी मिळते, कधी थेट मुंबईला.

स्वतःच्या सोयीने बाहेर पडायचं असेल तर प्रत्येक मोठ्या स्टेशनामागे एक घाट आहे, तो लक्षात ठेवा. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराड. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर. वैभववाडीहून गगनबावडा, तिथून कोल्हापूर. कणकवलीहून फोंडा घाट. सावंतवाडीहून आंबोली, तिथून बेळगाव किंवा कोल्हापूर. कोल्हापूर किंवा कराडला पोचलात की तिथून पुण्या-मुंबईकडे रेल्वेही आहे आणि एसटीही. पण ज्या पावसाने रूळ बंद केला, तोच पाऊस घाटातही पडतोय, आणि महामार्गावरच्या परशुराम घाटातही दरडी येतात. म्हणून रिक्षावाल्याच्या भरवशावर निघू नका. एसटी आगारात विचारा, "शेवटची गाडी वर गेली का?" गेली असेल तर घाट चालू आहे. रात्री मात्र घाट उतरू-चढू नका. वयस्कर माणूस सोबत असेल तर स्टेशनवरच रात्र काढा, सकाळी निघा. आणि एक लक्षात असू द्या, स्टेशन आणि गाव एका ठिकाणी नसतं. राजापूर रोड स्टेशनवर उतरून "राजापूरला जाऊ" म्हटलं तर भर पावसात बराच लांबचा पल्ला आहे. सावंतवाडी रोडही गावापासून दूर आहे.

लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेगळं आहे. मार्ग बंद झाला की त्या पनवेलहून पुणे, मिरज, लोंडामार्गे मडगावला नेतात. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्यात भिंत कोसळली तेव्हा असंच झालं होतं. अशा गाडीत बसलात तर चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ काहीच लागणार नाही. सावंतवाडीला जायचं असेल तर बेळगावला थांबा आहे का ते टीसीला विचारा, तिथून आंबोलीमार्गे जाता येतं. नाहीतर मडगावला उतरून मागे या.

तिकिटाच्या बाबतीत घाई नडते. गाडी रद्द होणार अशी कुजबुज ऐकून स्वतः तिकीट रद्द करू नका. तुम्ही रद्द केलं तर नेहमीची कपात होते. रेल्वेने गाडी पूर्ण रद्द केली तर ई-तिकिटाचे सगळे पैसे आपोआप खात्यात येतात, काही भरावं लागत नाही. बाकी प्रकारांत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज, भरायचा. आयआरसीटीसीच्या खात्यात 'माय ट्रान्झॅक्शन्स'मध्ये 'फाइल टीडीआर' आहे. तिथे कारणांची लांबलचक यादी उघडते आणि लोक पहिलं दिसेल ते निवडून मोकळे होतात. थांबा, पूर्ण यादी वाचा. गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त उशिराने येणार असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तर त्याचं कारण वेगळं आहे, आणि हा टीडीआर गाडी तिथून प्रत्यक्ष सुटण्याआधीच भरावा लागतो. गाडी दुसऱ्या मार्गाने वळवली आणि तुम्ही गेला नाहीत, किंवा तुमचं स्टेशनच त्या मार्गावर नाही, यांची कारणं वेगळी आहेत. त्यांना गाडीच्या ठरलेल्या वेळेपासून ७२ तास मिळतात.

अर्ध्या वाटेत गाडी थांबवली तर हिशेब असा: रेल्वेने पुढे न्यायची सोयच केली नाही तर पूर्ण प्रवासाचं भाडं परत मिळतं, झालेल्या प्रवासाचंसुद्धा. सोय केली आणि तुम्ही ती घेतली नाहीत, तर झालेल्या प्रवासाचं भाडं कापून उरलेलं मिळतं. रेल्वेच्या बसने मुक्कामी पोचलात तर काही परत मिळत नाही. म्हणून स्वतः टॅक्सी ठरवण्याआधी बसची घोषणा झालीय का, हे विचारा. ती झाली की नाही यावर तुमचे पैसे ठरतात.

खिडकीवरून काढलेल्या तिकिटाचे पैसे खिडकीवरच मिळतात. गाडी रद्द झाली असेल तर तीन दिवसांत तिकीट परत करावं लागतं, आणि तीन तासांहून जास्त उशिराच्या बाबतीत गाडी सुटण्याआधी. पावसात अडकलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या रांगेत उभं करणं मला पटत नाही. म्हणून आईचं तिकीट मी माझ्या खात्यावरून ऑनलाइनच काढते. ती कुडाळच्या फलाटावर बसलेली असली तरी इकडे डोंबिवलीतून मला टीडीआर भरता येतो.